तबकडीची दुसरी बाजू

रशीदभाईंनी अख्तरीला एस.टी.तच बजावून ठेवलं होतं. "पुणतांब्यात माझ्या तबकडीची पहिली बाजू वाजेल. दुसरी नाही. कुणी आग्रह केला तर तू मध्ये पडायचं नाहीस."

"मी कशाला पडू?" असं म्हणून अख्तरी खिडकीकडे तोंड करून बसली. इतर कुठल्याही विषयात ती न विचारता पडायची. या एकाच विषयावर तिने लग्नापासून चकार शब्द काढला नव्हता आणि रशीदभाईंना तेच बोचायचं.

तरुणपणी रशीदभाई नगरचे रॉक अँड रोल गायक होते. हसू नका. कपाळावर केसांचा कोंबडा, पायात बेलबॉटम, गळ्यात मित्राकडून मागून आणलेली गिटार. लग्नाच्या बँडमध्ये गाता गाता त्यांना 'फटफटीवाला' नावाच्या सिनेमात गाणं मिळालं. कंपनीने त्याची छोटी तबकडी काढली. सिनेमातलं गाणं एका बाजूला बसलं, पण दुसरी बाजू रिकामी कशी सोडायची? तुमचं स्वतःचं काही आहे का, असं त्यांनी रशीदभाईंना विचारलं. होतं की. लग्न ठरलेल्या अख्तरीसाठी रचलेलं, 'उठू नकोस इतक्यात, बैस ना जराशी'.

सिनेमा सपाटून आपटला, पण फटफटीचं गाणं वरातीवरातींतून वाजलं. दुसऱ्या गाण्याचं काय झालं ते रशीदभाईंनी पुणतांब्यातच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. गोदावरीकाठी तंबूचा सिनेमा लागला होता. कर्ण्यावर त्यांची तबकडी चालली होती आणि बाहेर भेळेच्या गाडीभोवती माणसं ठेका धरून डोलत होती. रशीदभाई ओळख न देता त्यांच्यातच उभे होते, मनातून फुगलेले. मग तबकडी उलटली. 'उठू नकोस' सुरू झालं आणि बघता बघता मैदान ओस पडलं. अर्धी भेळ टाकून लोक तंबूत पळाले. आपल्या गाण्यापेक्षा यांना तंबूतला उकाडा बरा वाटला, असं त्या कोंबडेवाल्या तरुण रशीदच्या मनाने घेतलं. तो तसाच माघारी फिरला आणि ते गाणं त्याने कायमचं टाकलं. बायकोला कारण सांगायची लाज वाटली. नवऱ्याने आपल्यासाठी रचलेलं गाणं लग्न होताच सोडून दिलं, एवढंच तिला दिसलं.

पुणतांब्याच्या मंगल कार्यालयात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ज्ञानेश्वरी नावाच्या शिक्षिकेने ठरवला होता आणि रशीदभाईंना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. तबकड्या लावायला तिचे आजोबा सहादेव बसले होते. त्या तंबूतलं सिनेमाचं मशीन चालवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. फटफटीचं गाणं झालं, टाळ्या पडल्या. निम्मी मंडळी तर बाहेर मांडवात चहाच पीत होती, कारण कर्णा तिकडेही लावला होता.

रशीदभाई हायसं वाटून ज्ञानेश्वरीला म्हणाले, "आता दुसरी एखादी लावा." तेवढ्यात सहादेवांनी सुई उचलली, तबकडी उलटली आणि सुई टेकवली. कुणाला विचारलं नाही. हाताला तीच सवय होती.

'उठू नकोस इतक्यात...'

रशीदभाईंनी मान खाली घातली. आता पाठमोरी माणसं बघायची नव्हती त्यांना. पण पावलं वाजली ती आत येणारी. मांडवातली म्हातारी मंडळी लगबगीने आत शिरत होती. कुणी जागा धरत होतं, कुणी "सरका की वाईच" म्हणत होतं. पुष्पावती नावाच्या एका आजी तर चक्क पहिल्या रांगेत खाली मांडी घालून बसल्या.

"हे काय चाललंय?" रशीदभाईंनी विचारलं.

"तंबूला घंटा कुठली, रशीदभाई?" सहादेव म्हणाले. "मी तबकडी उलटली की समद्यांनी समजायचं, आता खेळ सुरू. तुमच्या या गान्यावर आख्खं गाव पळत यायचं. बाकी तबकड्या वाजवून वाजवून झिजल्या, ही मी जपून ठिवली."

रशीदभाई अख्तरीकडे सरकले. मग त्यांनी सगळी हकिगत तिला तिथेच, कुजबुजत, अडखळत सांगितली.

"म्हणजे एवढ्यासाठी?" ती म्हणाली. "मला वाटलं, मीच तुमच्या मनातून उतरले." रशीदभाईंना स्वतःचा असा राग आला की त्या जुन्या पोराच्या कोंबड्याला धरून दोन ठेवून द्याव्यात.

गाणं संपलं. पण कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की हललंही नाही. सगळे समोरच्या भिंतीकडे बघत मुकाट बसून राहिले. या गाण्यानंतर काहीतरी सुरू होतं, एवढंच त्यांच्या अंगात मुरलं होतं.

"आता काय दाखवू यान्ला?" सहादेव डोकं खाजवत म्हणाले. "मशीन तर भंगारात गेलं."

रशीदभाई उठून पुढे गेले. माईक नीट केला, घसा खाकरला. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता आणि पहिल्याच ओळीला तो चिरकला. तरी ते थांबले नाहीत. तेच गाणं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं, सगळ्यांदेखत, अख्तरीकडे बघत. ती पदराने डोळे पुसत होती आणि दुसऱ्या कडव्याला तिचे ओठ हलू लागले. शब्द तिला सगळे पाठ होते.