शेपटाचं गणित

दीड किलोमीटर लांबीचा पाइप समुद्रात तरंगत ओढून न्यायचा. पुढे एक टगबोट, शेपटाला दुसरी. वाटेत तो मोडू नये याचं गणित चौऱ्याऐंशी साली घाटकोपरच्या ऑफिसात सुलक्षणा सावंतच्या टेबलावर आलं. एवढं मोठं काम तिथं एका बाईकडे पहिल्यांदाच येत होतं. महिनाभर डोकं फोडून तिनं हिशेब संपवला आणि झोकात सही ठोकली. सोमवारी नोकरी कायम झाल्याचं पत्र मिळणार होतं.

शनिवारी विक्रोळीच्या चाळीत जेवताना तिनं वडिलांना पाइप ओढायचा मुहूर्त सांगितला. "कोजागिरीला, बाबा. साहेबांनी भटजींना विचारून काढलाय."

लवू सावंतांचा घास हातातच राहिला. कारखान्यात तीस वर्षं काढली, तरी मूळचा मालवणच्या खाडीत बांबूंच्या मोळ्या ओढणारा गडी.

"पुनवेक? उधाण असता गो! आडवा पाणी शेपूट खंय नेऊन टाकीत, देवाक म्हायत. ओढूचा तर अष्टमीक. भांगाची भरती बारकी, पाणी गरीब असता."

सुलक्षणाचा चेहराच उतरला. तिनं प्रवाहाचा वर्षभराचा सरासरी वेग धरला होता. कोकणातली मुलगी, आणि तिथी बघायची राहिली! तिला स्वतःचीच लाज वाटली.

ताट सारून तिनं कागद ओढले. पाणी लांबीनं आलं तर पाइपाला नुसतं घासून जातं, पण आडवं आलं की अख्ख्या अंगावर येतं. त्यात वेग दुप्पट झाला की जोर चौपट. पाइप धनुष्यासारखा वाकत होता आणि शेपटाचा दोर तो ताण सोसत नव्हता. दोर तुटला तर डेकवरच्या खलाशांची धडगत नव्हती.

सोमवारी चंद्रप्रकाश साहेब भडकलेच. "पाहुणे बोलावलेत, मंडप ठरलाय! आणि सही तुझीच आहे ना?"

"माझीच. चूकही माझीच." तिनं पेन काढून सही खोडली. "पुनवेला ओढायचा असेल, तर दुसऱ्या कुणाची घ्या."

साहेबांनी नवे आकडे दोनदा तपासले. मग कपाळावर हात मारला. "अष्टमीला नारळ कोण फोडणार?"

"माझे बाबा."

कायम झाल्याचं पत्र साहेबांनी परत ड्रॉवरमध्ये टाकलं. "हे सहा महिन्यांनी बघू."

तिनं पेनाला टोपण लावलं. "बघा."

अष्टमीला लवूंनी इस्त्रीचा शर्ट घालून शेपटाच्या टगवर नारळ फोडला. दोर ताणला गेला. सुलक्षणाची नजर ताण मोजणाऱ्या काट्यावर खिळली. तिचा हिशेब जास्तीत जास्त अकरा टनांचा होता. काटा साडेदहावर थरथरला आणि तिथंच राहिला.

लवूंनी काट्याकडे बघितलंही नाही. ते पाण्याकडे बघत होते.

"सरळ आसा गो," ते म्हणाले, आणि महिनाभर न रडलेली सुलक्षणा सगळ्या खलाशांदेखत रडली.