पानांच्या पोटातली कळी

आत्याच्या घरी सकाळपासून रीघ लागली होती. जो तो चपला दाराबाहेर काढून आत येई आणि खिडकीतल्या कुंडीला हात जोडी. कुंडीत ऑर्किड होतं. एका दांड्यावर चार फुलं, प्रत्येकाला सपातेच्या चवड्यासारखी पिशवी आणि दोन्ही बाजूंना लोंबत्या मिशांसारख्या पाकळ्या. कित्येक वर्षं नुसती पानं मिरवणारं हे झाड फुललं, आणि श्रेय गेलं तीर्थबाबांना. काही महिन्यांपूर्वी त्यांनी त्यावर मंतरलेलं पाणी शिंपडलं होतं.

मला फुलांचं कौतुकच होतं. पण आतोबांनी मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं, की आत्याने काचबिंदूचे थेंब बंद केलेत. झाड फुलवणारं पाणी डोळेही फुलवील, असं बाबा म्हणाले होते. डोळ्यात फूल पडणं म्हणजे बुबुळावर पांढरा डाग येऊन दिसेनासं होणं, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आत्याला समजवायला गेले, तर ती म्हणाली, "तुझं विज्ञान इतकी वर्षं कुठं होतं गं?"

संध्याकाळी बाबा आले. याच झाडापासून आत्याने वाटलेल्या रोपांच्या कुंड्या शेजारणींनी त्यांच्यापुढे मांडल्या. बाबा डोळे मिटत, पुटपुटत आणि प्रत्येक झाडाच्या मधल्या पानांत बोट घालत. दोन कुंड्या त्यांनी मंतरलेल्या पाण्यासाठी बाजूला काढल्या. बाकीच्या परत केल्या. "झाडाला कान असतात, माउली. घरात शंका आली की ते मिटतात." एका शेजारणीचे डोळे भरून आले. ती बिचारी आपल्या नवऱ्याकडे बघायला लागली.

मी मात्र ते बोट बघत होते. बाबा चहाला बसल्यावर मी आत्याला म्हटलं, तूही बोट घालून बघ. आत्याने जन्मभर शिवणकाम केलेलं. नजर अधू झाली तरी बोटं तल्लख होती. बाजूला काढलेल्या दोन्ही झाडांत, अगदी आतल्या पानांच्या मध्ये, तिला चपटा, टणक उंचवटा लागला. बाकीची सगळी आतून रिकामी. तिने त्या दोन्ही कुंड्या उचलल्या.

मग बाबांपुढे जाऊन शांतपणे म्हणाली, "या दोघांत कळी आधीच आहे. यांना पाणी नको. त्या रिकाम्यांना घाला."

बाबांनी कप खाली ठेवला. "देवाची परीक्षा घेऊ नये, माउली."

"मग माझ्या डोळ्यांची घेताय ती कशी चालते?"

बाबांना एकाएकी दुसरीकडे जायचं आठवलं.

त्या दोन्ही कुंड्या आत्याने ठेवून घेतल्या. साध्या नळाच्या पाण्यावर दोन्ही फुलल्या. या जातीचं झाड मोठं व्हायलाच वर्षं घेतं, आणि त्याला भरपूर उजेड लागतो. आत्याचं झाड आदल्या वर्षी कपाटामागच्या अंधारातून खिडकीत आलं होतं, एवढाच काय तो चमत्कार. कळी कित्येक आठवडे पानांच्या पोटात दडून असते आणि बाबांना ती चाचपता येत होती. तेवढंच शिकवलं असतं, तर आम्ही त्यांना रोज चहा पाजला असता.

आत्याने थेंब त्याच रात्री सुरू केले. डॉक्टर तिला रागावले, पण नजर वाचली.

म्हणून सांगते, कुणी चमत्कार दाखवला तर फुलं डोळे भरून बघा, पण त्याचा हात कुठं जातोय तेही बघा. आणि डॉक्टरांचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.