गुंडोअण्णांचे घोडे

“सर, हा नियम काढला की प्रोग्राम जास्त जिंकतोय,” शाल्मली लॅपटॉपवरून म्हणाली. “दोनदा टेस्ट केली.”

बाबा इडली खात राहिला.

शाल्मली पुण्याची, बंगळूरला व्हाइटफील्डच्या ऑफिसात बाबाच्या हाताखाली. बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहायचा, बाबाने जन्मभर हेच केलं. जुना प्रोग्राम आणि नवा एकमेकांशी हजारो डाव खेळतात, जिंकेल तो राहतो. आधी कुठल्या सोंगटीला किती जपायचं ते बाबा स्वतः लिहायचा. आता मशीन आपलं आपण शिकतं. बाबाचं लिहिलेलं एकेक करत सगळं उडालं. एवढंच उरलं होतं: उंट मारायला घोडा द्यायचा नाही.

हा हट्ट माझ्या आजोबांचा. गुंडोअण्णा बंगळूरच्याच पीण्या भागात, एका कारखान्यात लेथवर होते. डाव गेला तरी चालेल, घोडा द्यायचे नाहीत. ते वारले त्या आठवड्यात बाबाने हा नियम घातला. ऑफिसात कुणाला बोलला नाही.

“फरक किती?”

“थोडासाच. पण सर, तुम्हीच म्हणता ना, मत नको, डाव दाखवा.”

“सरी, ठीक आहे. काढ.”

कॉल बंद झाला आणि माझं डोकंच फिरलं.

“काढ काय? अण्णांचं आहे ते! तिला सांगायचं ना!”

“काय सांगू? माझे अण्णा हट्टी होते, म्हणून हरू दे मशीनला?”

“हरू दे की! थोडंसंच तर हरतंय!”

“ऑफिसातल्या बाकीच्यांनी लिहिलेले नियम मी काढले, तेव्हा तेही असंच म्हणाले होते.” त्याने ताटली पुढे केली. “चटणी वाढ स्वल्प.”

आवाज चढलासुद्धा नाही. मला वाटलं, ताटली फेकावी.

दुपारी मीच अण्णांचा लाकडी पट मांडला. नवा प्रोग्राम विरुद्ध मी. लॅपटॉप सांगेल ती चाल बाबा पटावर करत होता. थोड्याच वेळात मशीनने घोड्याने माझा उंट मारला. आता तो घोडा माझ्या प्याद्याच्या माऱ्यात उघडा.

“मार,” बाबा म्हणाला.

“नाही मारणार.”

“मार गं. नाहीतर हरशील.”

मारला.

बाबाने घोडा उचलला. त्याचा एक कान अण्णांच्या वेळचाच तुटलेला. शर्टाने पुसून तो पेटीत ठेवला, आणि मशीनची पुढची चाल वाचली.