एकशे पंच्याऐंशी रत्तलांचा गोटा

शुक्रवार, दिनांक १४ ऑगस्ट १९५३, नागपंचमी. सकाळचे सात वाजून वीस मिनिटे झाली होती आणि आमच्या पेठेतील तालमीच्या अंगणात अकरावा गडी गोट्यासमोर उभा होता. आधीचे दहा हरले होते.

गोटा काळ्या दगडाचा, घागरीएवढा, वरून शेंदराने लालभडक. एरवी तो मारुतीच्या देवळीसमोर ओट्यावर असे. ओट्यावर कोरले होते : ‘वजन १८५ रत्तल, सन १९०७’. नागपंचमीला तो जमिनीवरून उचलून खांद्यावर घ्यायचा, अशी तालमीची परंपरा होती. ज्याला साधेल त्याचे नाव आतल्या फळ्यावर रंगवले जाई. फळ्यावरचे शेवटचे नाव १९२६ सालचे होते.

त्या वर्षी प्रश्न केवळ नावाचा नव्हता. वस्ताद हंबीरराव, वय सहासष्ट, यांनी आषाढातच जाहीर केले होते की, यंदा सूर्यास्तापर्यंत गोटा कोणाच्याही खांद्यावर चढला नाही तर तालमीला कुलूप लागेल आणि गोटा गडहिंग्लजला पाठवला जाईल. तेथे तरी मर्द असतील, असे त्यांचे म्हणणे होते.

अकरावा गडी आकाराम. बिद्रीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, वय चोवीस. उद्यमनगरातील ज्या फौंड्रीचा मी व्यवस्थापक होतो, तेथे तो साचे भरण्याचे काम करी. तो तालमीतच झोपे आणि तेथेच भाकरी भाजून खाई. कुलूप लागले तर शहरात त्याला दुसरे छप्पर नव्हते. काम सोडून त्याला गावी परतावे लागले असते.

“या, सिनेमातलं राजं!” हंबीरराव गरजले. “भांग पाडून झाला? चा ढोसून झाला? आता गोट्याकडं बघा जरा!”

नुकताच हरलेला केरबा घाम पुसत म्हणाला, “वस्ताद, चा न्हाय, दूध प्यालोय की आम्ही.”

“दूध! निम्मं नळाचं पाणी त्यात. आम्ही म्हशीच्या कासंखालीच तोंड लावायचो. वनस्पती तुपावर पोसलेली पोरं तुम्ही, बसा सायकलीच्या घंट्या वाजवत!”

प्रामाणिकपणे नमूद करतो, मीही मान डोलावत होतो. महाविद्यालयात आम्ही हातकानशीने लोखंडाचा घन काटकोनात आणत असू. आता यंत्राशिवाय कोणाचे बोटही हलत नाही, असे मी फौंड्रीत रोज बोलत असे. आकारामला तर आदल्याच दिवशी सुनावले होते.

आकाराम वाकला. गोटा वीतभर उठला, मग गुडघ्यापर्यंत आला. अंगणात एकच कल्लोळ झाला.

“खाचंत बोटं घाल की!” हंबीरराव ओरडले. “दोन्ही अंगाला खाचा हायत. आमच्या बोटांस्नी घावत हुत्या!”

“कुठली खाच, वस्ताद?” आकारामच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. “सगळं गुळगुळीत हाय!”

“डोळं सिनेमात गेलं, आता बोटं बी गेली!”

गोटा निसटला, फरशीच्या कडेवर आदळला आणि तळहाताएवढी एक खपली उडून माझ्या बुटाशी येऊन पडली. आकाराम खाली मान घालून भिंतीशी जाऊन बसला.

मी खपली उचलली आणि चकित झालो. एवढ्याशा तुकड्याचे वजन हाताला अपेक्षेच्या दुप्पट लागले. कडेला पातळ थर दिसत होते, झाडाच्या बुंध्यातील वलयांसारखे, एकावर एक, मोजता येणार नाहीत इतके. मी खिशातील मापपट्टी लावली : जाडी अर्ध्या इंचाहून थोडी अधिक. शेंदूर शिशापासून करतात, आणि शिसे किती जड असते हे ओतकाम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. वही उघडून मी गोट्याचा व्यास व घनफळ मांडले. उत्तर पाहून पुन्हा मांडले. 

“केरबा!” मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की देवळीवरची कबुतरे उडाली. “हातगाडी घे, फौंड्रीत जा. वजनकाटा आण. वजनेही सगळी आण!”

“त्र्यंबकराव, आज सणाचं काटा कशाला?” हंबीररावांनी विचारले.

“गोटा तोलायचा आहे.”

“ओट्यावर लिवलंय की वजन.”

“ते सेहेचाळीस वर्षांपूर्वीचे आहे, वस्ताद.”

नऊ वाजून पाच मिनिटांनी चौघांनी मिळून गोटा काट्यावर लोटला. मी वजने चढवत गेलो. दोनशेवर दांडा हलला नाही. दोनशे वीसवरही नाही. पोरे एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून पाहू लागली. काटा स्थिर झाला तो दोनशे त्रेचाळीसवर.

“दोनशे त्रेचाळीस रत्तल,” मी वाचले. “म्हणजे अठ्ठावन्न रत्तल अधिक. हा सगळा शेंदूर आहे.”

हंबीररावांचा चेहरा लाल झाला. “म्हंजे? आम्ही हलका गोटा उचलला म्हणायचं हाय तुमास्नी?”

“तुम्ही एकशे पंच्याऐंशी उचलला, ते खरेच आहे. ही पोरे मात्र दुसराच गोटा उचलत आहेत. शेंदूर कोण लावतो?”

 देवळीजवळ फुले मांडत बसलेली वस्तादांची थोरली बहीण धोंडुबाई म्हणाली, “कोण लावतोय? ह्योच की. दर शनवारी, तेलात कालवून, फिरवून फिरवून चारी अंगांनी. येक शनवार चुकला न्हाय त्येचा.”

 हंबीरराव स्वतःच्या हातांकडे पाहत होते. नखांच्या कडांत कालच्या तयारीचा शेंदूर होता.

“उतरवू या का?” मी हळूच विचारले.

“देवाचा शेंदूर हाय, त्र्यंबकराव. आणि आज पंचमी. चिरायचं न्हाय, खणायचं न्हाय.”

“ठोकायला कुणी न्हाय म्हटलंय?” धोंडुबाई उठून उभी राहिली. “आणि मारुतीनं कवा सांगितलं रं तुला, माझ्या नावानं पोरांच्या पाठीवर वझं चढव म्हणून? देवाचं कवच सुटलं की पंचगंगेत सोडत्यात. ह्ये तर आपणहून सुटाय लागलंय. दे की सोडून, हंबीर!”

 वस्तादांनी मारुतीला हात जोडले आणि भिंतीकडे वळून हाक मारली, “आकाराम, ऊठ. तुझ्या कामाचं हाय ह्ये.”

ते खरोखरच त्याच्या कामाचे होते. साच्यातून ओतीव वस्तू मोकळी करताना जसे करतो तसे आकारामने लाकडी हातोडीने सगळीकडून हलके ठोके दिले, कान लावून पोकळ आवाज शोधला आणि तेथे एकच नेमका घाव घातला. मोठी पापडी सुटली. मग दुसरी. खाली धोतर पसरून केरबा तुकडे गोळा करत होता. आत काळाभोर दगड दिसला तेव्हा पोरांनी टाळ्याच पिटल्या.

आणि डाव्या अंगाला, शेंदराने गच्च भरलेली, चार बोटांची खाच होती. आकारामने ती खिळ्याने कोरून साफ केली. उजव्या अंगाला दुसरी.

हंबीरराव गुडघ्यांवर बसले. दोन्ही हात त्यांनी खाचांत घातले. बोटे बरोबर बसली.

“हीच,” ते म्हणाले. मग मान वर करून, डोळे न पुसताच खेकसले, “बघतोस काय? धर!”

दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी आकारामने खाचांत बोटे रोवली. गोटा गुडघ्यावर आला, मांडीवर टेकला, छातीला भिडला. क्षणभर तेथेच थांबला. “वर! वर! वर!” माझा आवाज त्यात सर्वांत मोठा होता, असे केरबा नंतर सांगत असे. एक हिसका, आणि गोटा खांद्यावर! आकाराम तसाच देवळीभोवती एक फेरी मारून आला. धोंडुबाईने त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. वस्तादांनी कमरेची कुलपाची किल्ली सोडली आणि त्याच्या हातात ठेवली.

“ही तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. रोज पहाटे तूच दार उघडायचंस.”

मग कोण थांबतो? केरबा गोट्याकडे धावला, त्याच्यामागून बाकीचे. मी शेंदराचे तुकडे तोलले : साडेसत्तावन्न रत्तल, उरलेला अर्धा रत्तल धुळीत गेला असावा. दुपारी आम्ही ते पंचगंगेत सोडून आलो. संध्याकाळपर्यंत अकरांपैकी दोघांना मात्र साधले नाही, आणि त्यांना वस्तादांनी चहावरून मनसोक्त झोडपले.

सूर्यास्ताला फळा रंगवायला घेतला तेव्हा मी विचारले, “वस्ताद, तुम्ही उचललात त्या वर्षी, १९०९ साली, एकूण किती जणांनी उचलला होता?”

हंबीरराव दाढी खाजवत राहिले. “आमच्या वेळी...” त्यांनी सुरुवात केली, आणि थांबले. “तिघांनी.”

मी वहीत दोन ओळी लिहिल्या. सन १९०९ : तीन. सन १९५३ : नऊ.