चार सर्व्हरांवरचा पहारा

सुज्ञ वाचकहो, नुंगंबाक्कममधील एका कचेरीत संशयाने काय घडविले, ते मी येथे यथामती कथन करीत आहे. कृपया शेवटपर्यंत लक्ष असू द्यावे.

मंदारने भव्याच्या पाठीमागे उभे राहून मनगटावरील घड्याळ पाहिले. पडद्यावर पुलाचा नकाशा अद्याप उघडत नव्हता.

"अण्णा, तुम्ही मागे उभे राहता म्हणून तो लाजतो," तंजावरी घरातली भव्या म्हणाली.

पुण्याहून आलेला मंदार हसला नाही. कचेरीतील समस्त नकाशे तुकड्यातुकड्यांनी चार सर्व्हरांवर साठविलेले होते. कोणत्याही टेबलावरून ते एकाच कपाटातून काढल्यासारखे मिळत. परंतु एक नकाशा प्रतिस्पर्धी कंपनीच्या हाती दिसला, आणि यंत्रे सांभाळणाऱ्या मंदारने प्रत्येक संगणकावर पहारा बसविला. कोणी कोणती फाइल उघडली, हे तो पहारा चारही सर्व्हरांना अखंड विचारीत राही. तदनंतर काम मंदावले. कोणीतरी गुपचूप नकाशे उतरवीत आहे, असे समजून त्याने पहारा अधिक कडक केला. काम अधिकच मंदावले. सर्वाधिक खोळंबा भव्याच्या टेबलावर होता. तिचे नकाशेही सर्वांत मोठे होते.

मालक अनंतरावांनी त्याला आत बोलाविले.

"तीच ना? आज संध्याकाळी काढून टाकतो तिला."

"पुरावा तरी हाती येऊ द्या, साहेब."

मंदारने सापळा रचला. "दुरुस्तीसाठी पहारा बंद करतोय," असे त्याने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, तो खरोखर बंदही केला, आणि कचेरीबाहेर काय जाते त्यावर डोळे लावून तो बसला.

बाहेर काहीच गेले नाही.

"अप्पाडा!" हायसे वाटून भव्या ओरडली. "पूलच्या पूल आला!"

"माझापण!" पलीकडच्या टेबलावरचा तरुण सहकारी म्हणाला. "कुणी काय केलं?"

मंदारने पहारा पुन्हा चालू केला. पडदे थिजले. बंद केला. नकाशे धावले. त्याने पुन्हा एकदा तसेच करून पाहिले आणि हात मांडीवर ठेवला.

अनंतराव दारात आले.

"सापडली चोरी?"

"खोळंबा माझ्या पहाऱ्यानेच होत होता, साहेब."

"आणि नकाशा कुणी नेला?"

"ते ठाऊक नाही."

"बरं. मग राहू दे भव्याला." अनंतराव आत निघून गेले.

भव्याच्या हातातील कॉफीचा टंबलर खाली टेकला. मग उठून तिने आपला पडदा त्याच्या टेबलाच्या दिशेने वळविला.

"आता मागे येऊन उभं राहायला नको, मंदार सर," ती म्हणाली. "तिथूनच दिसेल."

माझ्या अल्प शिक्षणास सांभाळून घेऊन आपण ही कथा वाचलीत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे.

— दत्ताजी मोहिते, तांबरम