झाकणाखालचे थेंब

मित्रांनो, मी भात खायची एक जुनी वाडगी आहे. तळहातात मावेन एवढी, तांबूस, काठाला टवका उडालेली. शोनाईच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरगावात, स्वयंपाकघरातल्या कपाटात माझी जागा आहे. शेजारची जागा रिकामी आहे. तिथे माझा जोडीदार असायचा. माझ्याच मातीचा, निळा, माझ्याहून थोडा मोठा वाडगा.

आमच्याकडे नवराबायकोसाठी अशी जोडी एकाच भट्टीत भाजतात. मोठा त्याचा, लहान तिचा. एकाच्या वाडग्यात दुसरा कधी जेवत नाही. तोकुजी या कोळ्याचं लग्न झालं तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीने, फुसाएने, आम्हाला विकत आणलं. नवरी समुद्रापलीकडच्या इलोइलोची होती. नेनिता तिचं नाव. फुसाएने मला तिच्या हातात ठेवलं.

"लहान आहे म्हणून रुसू नकोस. दोनदा भरून घे."

"चारदा घेईन, ताई. भात आमच्याकडेही पिकतो."

फुसाए हसली नाही, पण तिने नेनिताला तिसऱ्यांदा वाढलं.

माझी चांगली वर्षं तेव्हापासून सुरू झाली. चिनात्सु ही मुलगी झाली. तिनेच खेळताना मला पाडलं आणि हा टवका उडाला. नेनिताने मला टाकलं नाही. टवक्याची बाजू पलीकडे करून ती जेवत राहिली. ती गावच्या वृद्धाश्रमात काम करायची. म्हातारे तिला म्हणायचे, "चल नेनिता, पळून जाऊ." ती म्हणायची, "आधी चालून दाखवा, आजोबा."

पुढे तोकुजीची बायको म्हणून तिला या देशात कायम राहण्याचा परवाना मिळाला. ते कार्ड त्या दिवशी जेवताना माझ्याशेजारी ठेवलं होतं. तोकुजी म्हणाला, "आता या घरातून गेलीस तर माझ्याशी भांडूनच जाशील."

ती भांडून गेली नाही. वृद्धाश्रम बंद पडला. तोकुजीची कंबर होडीवर जाऊ देईना. चिनात्सु शहरात नोकरीला लागली होती. त्याच सुमारास इलोइलोहून नेनिताला बोलावणं आलं. इकडे म्हाताऱ्यांची सेवा करायला येणाऱ्या मुलींना तिने तिथे शिकवायचं, दोन वर्षं. निघण्याआधी तिने विचारलं, "अहो, जास्त दिवस राहायचं तर परत यायची परवानगी आधीच काढून ठेवावी लागते म्हणे. कचेरीत जाऊन येऊ या का?"

"स्वतःच्या घरी यायला परवानगी?" तोकुजी उसळला. "उद्या मला अंघोळीलाही शिक्का लागेल. कार्डावर अजून कितीतरी वर्षं शिल्लक आहेत की!"

ती हसली आणि विषय संपला. दर उन्हाळ्यात माहेरी जाताना करायची तशीच खूण तिने विमानतळावरच्या कागदावर केली. वर्षाच्या आत परत येईन, अशी ती खूण होती.

घरातलं माणूस दूर गेलं की आमच्याकडे त्याचंही पान मांडतात. तोकुजी रोज माझ्यात गरम भात वाढायचा आणि वर झाकण ठेवायचा. जेवण झालं की झाकण उचलून आतून बघायचा. थेंब धरले असतील तर माणूस सुखरूप आहे, असं मानतात. थेंब रोज असायचे. तो समाधानाने माझ्यातला भात स्वतःच्या वाडग्यात उलटून घ्यायचा.

नववर्षाला ती यायची होती. तिचा फोन आला. "अहो, पोरींची परीक्षा तोंडावर आली आहे. दोघी तर रडकुंडीला आल्यात. परीक्षा झाली की येते."

"ये सावकाश. तुझ्या झाकणाला रोज पाणी सुटतंय."

मित्रांनो, त्या घरात रोज थेंब बघितले गेले. वर्ष कोणीच बघितलं नाही.

ती यायच्या दिवशी तोकुजीने मला पहिल्यांदाच झाकणाशिवाय मांडलं. माझ्यातला भात वाळून गेला. रात्री चिनात्सु विमानतळावरून एकटीच घरी आली. ती उभ्या उभ्याच बोलली. वर्ष उलटून गेलं म्हणून आईचा परवाना आपोआप संपला होता. कार्डावरच्या तारखेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. अधिकाऱ्याने नम्रपणे कार्डाला भोक पाडलं आणि पुढच्या विमानाने आईला परत पाठवलं.

तोकुजी कचेरीत गेला. "चूक माझी आहे, तिची नाही," असं त्याने तिथे सांगितलं. घरी येऊन तो चिनात्सुला म्हणाला, "चूक कोणाची हे त्यांना नकोच आहे. तिच्यासाठी नवा अर्ज करा आणि तुम्ही खरंच नवराबायको आहात ते दाखवा, म्हणतात." एकत्र काढलेले फोटो थोडेच होते. मग त्याने आम्हा दोघांना टेबलावर शेजारी ठेवलं. "यांचा काढ. एवढी झिजलेली जोडी खोटी असते का?"

तो अर्ज कचेरीत पडून असतानाच बर्फ आलं. छपरावरचं बर्फ ओढताना तोकुजी खाली पडला आणि परत उठला नाही. नवरा गेला, तसा नवऱ्याने बायकोसाठी केलेला अर्जही गेला. नेनिताला अंत्यविधीला येता आलं नाही. शवपेटी दाराबाहेर निघाली तेव्हा फुसाएने निळा वाडगा उंबऱ्याबाहेरच्या दगडावर आपटला. गेलेल्याने मागे वळू नये, आता इथे जेवायला काही नाही हे त्याला कळावं, म्हणून आमच्याकडे तसं करतात. चिनात्सुने फोन समोर धरला होता. नेनिताने तो आवाज इलोइलोत ऐकला.

चिनात्सु शहर सोडून घरी राहायला आली आणि माझं पान मांडत राहिली. आईला निदान मुलीकडे पाहुणी म्हणून तरी येता यावं, यासाठी तिने धडपड चालवली. ते काम होण्याआधीच नेनिताला आजाराने गाठलं. आईला तिच्या आईवडिलांशेजारी पुरून चिनात्सु परतली, तेव्हा फुसाए दारातच मला हातात घेऊन उभी होती. ती आता खूप वाकली आहे.

"घे पोरी, तूच फोड."

"नको, आत्या."

"अगं, नाहीतर ती परत येते."

चिनात्सुने मला तिच्या हातातून अलगद काढून घेतलं. "परत येऊ नकोस, असं तिला एकदा सांगून झालंय. मी नाही सांगणार."

फुसाए पायरीवर बसली. म्हणाली, "मग धू तरी नीट. धूळ बसली आहे."

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी दूर देशी निघालं तर त्याचं पान जरूर मांडा. पण त्याआधी त्याच्याबरोबर कचेरीत जा, रांगेत उभे राहा आणि परत यायची वाट किती दिवस उघडी आहे ते विचारून घ्या. त्यात कमीपणा मानू नका. माझ्या घरात तो मानला गेला.

चिनात्सु अजूनही रोज माझ्यात भात वाढते आणि वर झाकण ठेवते. जेवण झालं की उचलून बघते. भात गरम असतो, त्यामुळे थेंब रोजच धरतात.