वॉर्निश लावलेली काकू

फोटो चांगला यावा म्हणून काकांनी आदल्या दिवशी चित्राला नवं वॉर्निश फासलं होतं. मला न विचारता. मी दारातच कपाळावर हात मारून घेतला.

"कसं चमकतंय बघ!" काका खुशीत होते.

"चमकतंय म्हणूनच डोकं फिरलंय माझं."

पाचपर्यंत फोटो पाठवायचा होता. काकांचं चित्र एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच एखाद्या प्रदर्शनाच्या निवडीला जाणार होतं, आणि निवड करणारे चित्र बघणारच नव्हते, बघणार होते तो फक्त मी काढलेला फोटो. चित्र काकूचं. ती गेल्यावर काकांनी आठवणीतून काढलेलं.

पडदे ओढले. दोन दिवे दोन बाजूंना, चांगले लांब आणि तिरपे ठेवले. असे ठेवले की त्यांची चकाकी भलतीकडे निघून जाईल, कॅमेऱ्यात शिरणार नाही. वॉर्निशमध्ये माझं नि कॅमेऱ्याचं प्रतिबिंब पडू नये म्हणून कॅमेऱ्यापुढे काळी चादर टांगली. लेन्सपुरतं भोक पाडावं लागलं. चादर माझीच होती, नवीकोरी. तरी काकूच्या गालावर पांढरा डाग! दिवे सरकवले. डाग तिथेच. पुन्हा सरकवले, कंबर धरली. मग त्या डागाने नाक खाजवलं.

"काका! पांढरा सदरा घालून चादरीशेजारी काय उभे राहिलात?"

"मी कुठे मध्ये येतोय?"

"चित्रात येताय! बाहेर व्हा आधी!"

एवढं ओरडायला नको होतं. पण ओरडले, आणि फोटो स्वच्छ आला. काकांना हाक मारली. ते स्क्रीनकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"नको पाठवूस. डोळे चुकलेत. भिंतीवर असताना चित्रावर कायम खिडकीचा उजेड चमकायचा, मला ते कधी नीट दिसलंच नाही. ती अशी बघायची नाही गं."

पाचला दहा मिनिटं कमी होती. माझा संयम संपला.

"काही चुकलेले नाहीत! चिडली की ती अश्शीच बघायची. आणि तुमच्यापायी रोज चिडायची!"

बोलून गेले आणि जीभ चावली. काकांनी खुर्ची ओढली, स्क्रीनच्या अगदी जवळ बसले. मला घड्याळाकडे बघायचाही धीर होईना.

"अकरा वर्षं झाली," ते म्हणाले, "माझ्याकडे असं चिडून कुणी बघितलं नाही. पाठव."